ताटाशेजारची सुरी

मी सुऱ्या बनवतो. कराडात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भाजी चिरायच्या नव्हेत, स्टेक खायच्या. स्टेक म्हणजे मांसाचा जाडजूड भाजलेला तुकडा. तो ताटात अख्खाच येतो आणि खाणाऱ्यानं आपला आपण कापून खायचा. पुण्या-गोव्याची हॉटेलं माझ्याकडून सहा-सहाचे संच नेतात. मुठी शिसवाच्या, खैराच्या, कधी मिळालंच तर आबनुसाच्या. जुनं, मुरलेलं लाकूड शोधत मी सांगली-मिरजेच्या भंगारवाल्यांकडे तासन्तास घालवतो. गावाकडची माणसं विचारतात, "गड्या, मिलिटरीच्या वर्कशॉपातनं आलास आन् कसाई झालास व्हय?" मी हसतो, पण झोंबायचं ते झोंबतंच.

म्हणून आईनं एकदा तरी या सुऱ्यांना चांगलं म्हणावं, असं मला फार वाटायचं. आई कवठे महांकाळकडची, मेंढरांमागं वाढलेली. तिच्या हातचं मटण सगळ्या भावकीत नावाजलेलं. जत्रेत हंडा चुलीवर चढला की दोन बोटांत फोड दाबून, शिजलं की नाही हे तिनंच सांगायचं. वडील गेल्यावर ती आमच्याकडे आली. तोवर नजर अधू झाली होती, कधी मीठ दोनदा पडायचं. तरी रविवारचं मटण ती कुणाला करू देत नसे.

त्या रविवारी शिसवाच्या मुठींचा एक संच नुकताच पुरा झाला होता. तीन दिवस जवसाचं तेल पाजलेल्या त्या मुठी बघून माझं मलाच कौतुक वाटत होतं. धाकटा भाऊ आणि भावजय जेवायला आले होते. मी प्रत्येक ताटाशेजारी एकेक सुरी मांडली. काय तो माझा रुबाब!

आई पातेलं घेऊन आली आणि दारातच थांबली. तिनं ताटांकडं बघितलं, वळली आणि पातेलं परत गॅसवर ठेवलं. "आई, भूक लागलीय," मी ओरडलो. अर्ध्या तासानं मटण आलं ते पार गळून गेलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, सुरी ऱ्हाऊ दे, चमचा दे." आम्ही खो-खो हसलो. आई हसली नाही.

बायको आईला आत्या म्हणते. भांडी आवरताना ती म्हणाली, "आत्या विचारत होत्या, पोरानं ताटाला सुरी लावली, एवढं कच्चं ऱ्हायलं व्हतं का? मी फोड खाऊन बघितली होती, चांगली मऊ होती. पण त्यांना पटंना. तुम्हीच सांगा."

आमच्यात मटण भाकरीबरोबर बोटांनी तुटायला पाहिजे. नाही तुटलं तर करणारीची मान खाली. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्या दिवशी डोक्यात नुसत्या मुठी होत्या. "सांगतो निवांत," म्हटलं आणि शेडमध्ये गेलो.

पुढच्या रविवारी आईनं मटणाला हात लावला नाही. "सूनबाई करंल. माजा हात गेला आता." मला कारण माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण गोव्याची मोठी ऑर्डर होती, आणि आज-उद्या करत मी चार महिने घालवले. अजून माझा मला राग येतो.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यात तिला चमच्यानं पाणी पाजता पाजता मी सगळं सांगितलं. सुऱ्या का मांडल्या, तिच्या तोंडून काय ऐकायचं होतं, मटण तिनं पहिल्यांदा आणलं तेव्हाच कसं छान शिजलेलं होतं. सांगताना मला रडू आवरेना. तिनं सगळं ऐकून घेतलं. बरा असलेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि माझी समजूत काढू लागली.

"आसू दे रं," जड जिभेनं ती म्हणाली. "बरी झाले की करीन. पुढल्या येळंला लवकर चढवीन. कच्चं न्हाई ऱ्हायाचं."