चपातीमागे चाळीस पैसे

प्रभावतीबाईंचा राग तिसऱ्या वर्षी फुटला, तोही पर्चेस ऑफिसच्या एसीत, समोर चहाचा कप असताना.

संत तुकाराम नगरात कंपनी कामगाराच्या घरी वाढलेली ही बाई. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा तिनं पिंपळे गुरवला एक गाळा भाड्यानं घेतला आणि आठ बायका हाताशी घेऊन चपात्या लाटायला सुरुवात केली. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला रोज तीन हजार चपात्या जायच्या. पहिल्या वर्षी चार रुपयांना एक. दुसऱ्या वर्षी पर्चेसचे ज्ञानेश सर गोड आवाजात म्हणाले, "ताई, वरून टार्गेट आहे, थोडं अ‍ॅडजस्ट करा." वीस पैसे गेले. आणि आता त्यांनी कागद पुढे सरकवला : तीन रुपये चाळीस.

"आणखी चाळीस पैसे?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "सर, पीठ वाढलं, गॅस वाढला."

"पीठवाल्याशी बोला ना. प्रत्येकानं आपल्या खालच्याशी निगोशिएट करायचं असतं, ताई. मीही तेच करतोय."

"बोलले. पीठवाल्यानं किलोमागे रुपया सोडला. गॅसवाला ऐकत नाही. मग उरल्या माझ्याकडच्या बायका. दोन वर्षं त्यांची लाटणावळ वाढवली नाही मी. आमच्या चतुराबाई पहाटे चारला येतात. त्यांच्या खाली कोण आहे, सर? त्यांनी कुणाशी बोलायचं?"

ज्ञानेश सर घड्याळाकडे बघत हसले. "विचार करा. दुसरे सप्लायर तयार आहेत."

त्या हसण्यानं बाईंची कानशिलं तापली. कप तसाच ठेवून त्या उठल्या. "सोमवारपासून माझा टेम्पो येणार नाही. दुसऱ्यांकडून घ्या."

रिक्षात बसल्यावर गाळ्याचं भाडं, पिठाची उधारी, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. चतुराबाईंनी दिवाळीत वाढ मागितली तेव्हा आपणही असंच गोड बोलून त्यांना वाटेला लावलं होतं, हे त्यांना पुरतं आठवत होतं.

सोमवारी दुसऱ्याचा माल आला : गार, चिवट, कडेला कच्चा. फर्स्ट शिफ्टनं कुरकुर केली, सेकंड शिफ्टनं ताटं परत पाठवली. बुधवारी युनियनची माणसं थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. गुरुवारी सकाळी ज्ञानेश सरांचा फोन आला.

"ताई, जुना रेट चालू ठेवू."

"जुना नको. चार रुपये वीस पैसे. आणि वर्षभर कमी करायचं नाही, हे लिहून द्या."

खूप ताणाताणीनंतर चार रुपये दहा पैशांवर आलं. कागदावर सही करताना ज्ञानेश सर म्हणाले, "छान निगोशिएट करता तुम्ही." बाईंना तेही सहन झालं नाही. "निगोशिएट नाही सर. मी माझ्या हक्काचं परत घेतलं," त्या म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये कोंबला.

शुक्रवारी पहाटे त्यांनी बायकांना सांगितलं, चपातीमागे दहा पैसे लाटणावळ वाढली. बायका खूश झाल्या. चतुराबाई मात्र लाटत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वाढ चांगली हाय, बाई. पण मागल्या दोन सालाचं काय?"

प्रभावतीबाई संतापल्या. आपण धंदा धोक्यात घालून हे मिळवलं, आणि हिला वरून मागचं हवं! "एवढं परवडत नाही," शब्द तोंडातून निघाले आणि त्यांना ते ऐकवेनात.

दोन दिवस त्या चतुराबाईंशी धड बोलल्या नाहीत. चतुराबाई वेळेवर यायच्या, लाटायच्या, जायच्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी पीठ चाळता चाळता विचारलं, "निम्मं देईन. तेही दर महिन्याला थोडं थोडं. चालेल?"

"निम्मं न्हाई. रुपयाला बारा आणे," चतुराबाई म्हणाल्या.

बाईंनी चाळणी आपटली. मग ती पुन्हा उचलून त्या "बरं" म्हणाल्या. राग गेला नव्हता. पहिला हप्ता मात्र त्यांनी त्याच दिवशी हातावर ठेवला.