छाती पाहून फुंकर

गॅरेजात पाऊल टाकण्याआधी वहिनी दवाखान्यात लोकांचे श्वास मोजायच्या. समोरच्याच्या तोंडात नळी द्यायची आणि म्हणायचं, "फुंका, फुंका, अजून... बास!" पुढे गॅरेजवाल्या दोघा भावांतल्या थोरल्याशी लग्न झालं. त्याच्या गॅरेजात त्यांनी पहिल्यांदा उघडा टर्बो पाहिला आणि त्या बघतच राहिल्या. धुराड्याकडे निघालेल्या जळक्या वायूवर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. "अगंबाई, टाकाऊ श्वासावर नवा श्वास!" त्या म्हणाल्या होत्या. आता बूस्ट वाढवून घ्यायला लांबून गाड्या येतात, त्या थोरल्याकडे नव्हे, वहिनींकडे.

आज मात्र गाडी घरचीच होती, धाकट्या दिराची. रविवारी घाटातली शर्यत. संघात शेवटची जागा त्याला मिळाली होती आणि इंजिन एकच होतं. ते गेलं की जागा गेलीच.

सकाळपासून वहिनींची नुसती तयारीच चालली होती. नळ्यांत धूर सोडून कुठे गळतंय का ते पाहिलं. प्लग बदलले, तेल बदललं. मग गाडी रोलरवर बांधून चाकं जागच्या जागी पळवली. बूस्ट जरासा वाढवायचा, लॅपटॉपवर दाब, उष्णता आणि पेट्रोलचं प्रमाण निरखायचं, इंजिन गार होऊ द्यायचं आणि मगच पुढे सरकायचं.

"वहिनी, या चालीनं मी शर्यतीला पुढच्या जन्मी पोचेन."

"पोचा की भाऊजी. पण गाडीत बसून पोचा, ढकलत नको."

दुपारी वहिनी जेवायला गेल्या आणि धाकट्याला राहवलं नाही. लॅपटॉपवर दाबाचा आकडा त्यानं चांगला वाढवून ठेवला आणि साळसूदपणे हात पुसत उभा राहिला.

वहिनी परतल्या, गाडीत बसल्या. इंजिन गरजलं, भिंतीवर टांगलेले नट आवळायचे पाने थरथरले. खिडकीतून वाकून धाकटा पडद्याकडे पाहत होता. दाबाची रेघ चढत गेली आणि वर जाऊन सपाट झाली.

वहिनींनी झटकन पाय उचलला. "आकड्याला हात कुणी लावला?"

"मी... थोडासाच. पण बघा ना, रेघ कशी तळ्यासारखी शांत!"

"म्हणूनच पाय उचलला मी. जिवंत श्वासाची रेघ थोडी तरी हलते, भाऊजी."

त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी इंजिन निवू दिलं. दाब मोजणारा बोटाएवढा सेन्सर काढला, त्याची वायर तशीच ठेवली आणि रबरी नळीनं तो सायकलच्या पंपाला जोडला. पंपावर काट्याचं मीटर होतं. "मारा हवा."

त्यानं दांडा दाबला. मीटरचा काटा चढला, पडद्यावरची रेघही चढली. पुन्हा दाबला. मग रेघ थांबली. काटा मात्र वर वर जातच राहिला. धाकट्यानं दांडा सोडला.

"इथं सेन्सरची मोजपट्टी संपते," वहिनी म्हणाल्या. "गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, मागितलेला दाब आलाच नाही. बिचारा आणखी हवा कोंबत राहतो."

"किती?"

"इंजिन फुटेपर्यंत."

धाकट्यानं वळून गाडीकडे पाहिलं. उघड्या बॉनेटमधून ऊब वर येत होती आणि तापलेलं लोखंड टिकटिक वाजत आकसत होतं. मुठीत मावेल एवढं टर्बोचं ते चाक, आणि त्याच्या फिरण्याला डोळा आणि त्याच्या दाबाला सेन्सरही पुरला नव्हता. आपण मगाशी कशाशी खेळत होतो, हे त्याला आत्ता कुठे दिसलं.

वहिनींनी सेन्सर जागेवर बसवला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "गाडी तुमची. आकडा तुम्हीच घाला."

त्यानं आधी आपला आकडा पुसला. मग त्यानं सकाळचाच वहिनींचा आकडा लिहिला. थोडा विचार केला आणि त्यातूनही किंचित कमी केला.

"घाटात ऊन असतं," तो हळूच म्हणाला. "हवा तापलेली असेल, इंजिनावर आधीच ताण."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून शब्द गेला, "बास!"