बसक्या नाकाचं वेत

कुत्रीची जीभ निळी पडली तेव्हा दर्यापूर मागे पडलं होतं आणि अकोला अजून लांब होतं. ती माझ्या मांडीवर आडवी होती. एका पिल्लाचं डोकं अर्धं बाहेर येऊन तिथेच अडकलं होतं, पुढेही येत नव्हतं आणि मागेही जात नव्हतं. तिने कळा देणं सोडून दिलं होतं. आता ती फक्त श्वासासाठी धडपडत होती आणि प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज येत होता. मे महिन्याची दुपार होती. गाडीतला एसी चालू होता, तरी तिचं अंग तव्यासारखं भाजत होतं. मी बाटलीतलं पाणी पदरावर ओतून तिच्या पोटाला आणि पंजांना लावत होते. मुलगा गाडी चालवत होता. जिवंत आहे का, असं तो सारखं विचारत होता.

"तू पुढं पाह्य," मी म्हटलं.

दर्यापूरच्या जनावरांच्या डॉक्टरने तिला हात लावून पाहिलं होतं. डोकं मोठं आणि वाट लहान, पोट फाडल्याशिवाय पिल्लं निघणार नाहीत, असं तो म्हणाला. पण या जातीला भूल द्यायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून अकोल्याला निघालो.

ही जात माणसाने केलेली आहे. नाक दाबत दाबत आत नेलं, डोकं गोल केलं आणि कंबर होती तेवढीच ठेवली. रस्त्यावरची कुत्री उकिरड्याच्या आडोशाला एकटी विते आणि संध्याकाळी भाकरीसाठी दारात येऊन उभी राहते. हिला आमच्या उन्हाळ्यात अंगणात दोन चकरा मारता येत नव्हत्या. कूलरसमोर पडून राहायची, तरी धाप लागायची.

मुलगा आधी नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात होता. ते काम सुटलं तेव्हा त्याने अमरावतीहून ही कुत्री आणली आणि पिल्लं विकायचा धंदा धरला. सून मोबाइलवर फोटो टाकायची. अंजनगावहून, अमरावतीहून लोक यायचे. घर त्याच्यावरच चालत होतं, माझं जेवणही त्यातलंच. पिल्लू जितकं बसक्या नाकाचं, तितकं लवकर जायचं. बाया त्याला लेकरासारखं छातीशी धरायच्या. ते घोरलं की सगळे हसायचे, म्हाताऱ्यासारखं घोरते म्हणायचे. एकदा मी त्यांच्यासमोरच म्हटलं, घोरून नाही राहिलं, गुदमरून राहिलं ते. सुनेने मला चहा ठेवायला आत पाठवलं.

बाहेरच्या नराकडून झालेल्या आधीच्या एका वेतातला एक नर मुलाने विकला नाही. त्याचं नाक इतकं बसलेलं होतं की दोन डोळ्यांच्या मधे नुसती घडी दिसायची. कुत्री विकणाऱ्या अमरावतीच्या माणसाने सांगितलं होतं, घरातल्या घरात लावा म्हणजे बसकं तोंड पक्कं होतं. पुढे कुत्री माजावर आली तेव्हा मुलाने तिच्यावर तिचंच पोर लावलं.

आमच्यात सोयरीक बोलायच्या आधी देवक विचारतात. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर पोरगा-पोरगी भाऊबहीण समजतात. मग मुलगी कितीही चांगली असो, चहा पिऊन उठायचं. याच मुलाची एक चांगली सोयरीक आम्ही अशी सोडली होती. गाईचंही तसंच. घरचा गोऱ्हा घरच्या गाईसाठी ठेवत नाहीत, गाय दुसऱ्या गावच्या वळूकडे नेतात. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे कळतं. मी मुलाला हे सगळं बोलून दाखवलं.

तो हसला. "माय, कुत्र्याले कुठचं देवक?"

त्या वेताची पिल्लं फाटक्या टाळूची निघाली. दूध ओढलं की नाकातून बाहेर यायचं. सून वाईट मनाची नाही. कापसाची वात दुधात बुडवून ती त्यांना पाजत बसायची. तरी सगळी मेली, आणि ती रडली. अंजनगावला गेलेलं आधीच्या वेतातलं एक पिल्लूही त्याच सुमारास लग्नाच्या मांडवात ऊन लागून मेलं. एखादं वेत बिघडतं, असं नवराबायको म्हणाले आणि कुत्री परत माजावर आल्यावर तोच नर लावला. ते हे वेत.

अकोल्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी कुत्रीला टेबलावर घेऊन तोंडाला ऑक्सिजन लावला आणि नर कोणता होता ते विचारलं. मुलगा भिंतीकडे पाहायला लागला.

"तिचंच पोर," मी सांगितलं.

बाईंनी वस्तरा घेतला. पायावरचे केस काढून सुई लावता लावता त्यांनी सांगितलं की वाचायची आशा थोडी आहे. पोट उघडतेच आहे तर पिशवीही काढून टाकते, परत गाभण राहिली तर नक्की मरेल.

मुलगा एकदम पुढे आला. पिल्लं काढा पण पिशवी राहू द्या, पुढच्या खेपेला बाहेरचा नर आणतो, असं म्हणाला. बाई म्हणाल्या, तुमच्या मर्जीशिवाय मी काढू शकत नाही, पण काय ते लवकर सांगा. टेबलावर कुत्रीचे पाय ताठ व्हायला लागले होते.

आमच्याकडे निंदायला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी काढलेली आहे. पोट दुखतं म्हटलं की काढतात.

मी मुलाला म्हटलं, "बाईची पिशवी काढाले कोनी एवढा इचार करत नाही. काढू दे."

"मंग खाऊ काय आपण?"

"मले नाही माईत. पण हिच्या पोटातून नको."

तो माझ्याकडे पाहत राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर पाहायचा तसा. मग बाईंना म्हणाला, "काढा."

आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात एक माणूस लंगड्या बकरीला धरून बसला होता. तिथेच आम्ही खाली बसलो. मुलाने सुनेला फोन लावला. पलीकडून तिने आधी विचारलं, पिल्लं किती? मग तिचा रडायचा आवाज आला. मुलाने फोन ठेवला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला की नर तर घरीच आहे, मादी दुसरीही आणता येते.

"आन," मी म्हटलं. "पण आधी मले लेकीकडं पोचवून दे."

माझी लेक अकोल्यातच राहते, त्या दवाखान्यापासून ऑटोने जाता येईल एवढ्यावर. तो उठला नाही. मीही उठले नाही. आत कुत्री होती.

भूल दिली तेव्हा ती टिकली, पोट फाडलं तेव्हाही टिकली. भूल उतरताना घशातली श्वासाची नळी काढली आणि तिचा घसा मिटला. बाईंनी नळी परत घालायचा प्रयत्न केला, छाती दाबली, पण कुत्री गेली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. अडकलेलं पिल्लू आधीच मेलेलं होतं. त्याच्या मागची दोन काढल्यावर मेली.

एक जगलं. मादी आहे.