डावी तार

दर रविवारी सकाळी गवईकाका कापसाचा बोळा घेऊन अंगणात यायचे आणि होडीच्या तारा पुसायला बसायचे. अकोल्यात नळाला पाणी आलं तरी गल्लीत बातमी होते, तिथं या माणसानं शिडाची होडी आणून ठेवली होती. नौदलातून निवृत्त झाल्यावर हिवरखेडची शेती भावाकडे सोपवली, आमच्या शेजारी घर बांधलं आणि मुंबईहून कुणाची तरी वापरलेली होडी ट्रकवर घालून आणली. त्या दिवशी अख्खी गल्ली गोळा झाली. ‘‘गवई साहेब, समुद्र मागून येऊन राहिला का?’’ कुणीतरी विचारलंच. काका शांतपणे म्हणाले, ‘‘येईल तवा येईल. आपन तयार असलेलं बरं.’’

ते तारा पुसतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. डोलकाठी उभी धरणारी तार म्हणजे बारीक तंतूंचा पीळ. त्यातला एखादा तुटला तर डोळ्याला दिसत नाही, पण कापूस त्याला अडकतो. काका डोलकाठी दोन तिवयांवर आडवी घालायचे आणि तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळा फिरवायचे. ‘‘जहाजावर चिंधी देत होते, मॅडम. चिंधी खोटं बोलते. आपला हिवरखेडचा कापूस खोटं बोलत नाई.’’ मी कॉलेजात शिकवते म्हणून त्यांच्या लेखी कायमची मॅडम.

मग डोलकाठी उभी करून दोन्ही बाजूंच्या तारांना सारखा ताण द्यायचा. इथं काकांचं अडायचं, कारण जहाजाच्या इंजिनापाशी राहून राहून त्यांचे कान गेले होते. ते आधी डावी तार बोटानं छेडत, मग उजवी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. आतून भाकरी थापता थापता मंदाकाकू ओरडत, ‘‘डावी ढिली हाये जी!’’ काका स्क्रू आवळत, पुन्हा छेडत. दोन्ही सारख्या झाल्या की काकू काहीच बोलत नसत. त्या गप्प राहिल्या की काका स्क्रू फिरू नयेत म्हणून बारीक तारेनं पक्के बांधून टाकत. दर रविवारी डावीच तार ढिली कशी निघते, हे मला कधी कळलं नाही. काकूंना विचारलं तर नुसत्या हसल्या.

होडी खरं तर काकूंसाठीच होती. नोकरीची सगळी वर्षं काका पाण्यावर, आणि काकू हिवरखेडला सासू-सासरे, लेकरू नि ढोरं सांभाळत. नवऱ्याला पाण्यावर त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ‘‘मले एकडाव बसवा त्याच्यात,’’ एवढीच त्यांची मागणी. काका मात्र दर वेळी काहीतरी काढत. कधी खीळ वाकलेली, कधी स्क्रू गंजलेला. ‘‘तुले पोयता येत नाई मंदे. डोलकाठी पडली त मी काय करू?’’ मला त्यांचा रागच यायचा. तळ्यात फिरायचं, तर केवढी ही तपासणी!

काकूंच्या किडन्या गेल्या तेव्हा त्यांनीच दिवस ठरवून टाकला, बुद्धपौर्णिमेचा. महानच्या धरणावर जायचं. नवं पांढरं पातळ आणलं, अमरावतीच्या मुलीला बोलावून घेतलं. आदल्या दिवशी काका शेवटचा बोळा फिरवत होते, आणि डाव्या तारेच्या वरच्या टोकाशी कापूस अडकला. एक तंतू तुटला होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘‘एकच त तुटला. अन् मी का रोज जाऊन राहिली?’’

‘‘नाई मंदे. नवी तार बोलावतो. मंग जाऊ.’’

 काकू पातळाची घडी आत ठेवून आल्या.

तार मुंबईहून आली तेव्हा काकू दवाखान्यात होत्या. तिथून त्या परतल्याच नाहीत. ते पातळ शेवटी त्यांना नेसवलं.

काका त्यानंतर रडताना कुणाला दिसले नाहीत. एका संध्याकाळी कुंपणापाशी आले, जुन्या तारेचं भेंडोळं हातात होतं. ‘‘तारेनं धरलं असतं, मॅडम,’’ म्हणाले. ‘‘एकोनीस तंतूंतला एक गेला होता. धरनावरच्या वाऱ्याले अठरा लई झाले. मले मालूम होतं. मालूम असूनबी भ्यालो.’’ ज्या माणसानं वादळात जहाजांची इंजिनं चालवली तो बायकोसाठी तळ्याला भ्याला, आणि ते भिणं म्हणजे किती माया होती हे काकूंना कळलं असेल का, या विचारानं मी घरात येऊन ढसाढसा रडले.

यंदा मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. होडी नागपूरच्या कुणीतरी घेतली. निघायच्या आदल्या दिवशी काका ऐकेनात. नवी तार लावली, डोलकाठी उभी केली. मुलगी आणि मी स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होतो. खिडकीबाहेर डावी तार वाजली. मग उजवी. मला फरक कळला नाही. आम्हा दोघींचे हात थांबले. काका खिडकीकडे बघत उभे होते, बराच वेळ.

मग त्यांनी मान हलवली. ‘‘मंदी काई बोलली नाई,’’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘‘म्हन्जे सारख्या हायेत.’’

आणि दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवताना सोडावेच लागणार होते ते स्क्रू त्यांनी पक्के बांधून टाकले.