मामांच्या बुटातली सम

ठाण्यात जे जे बेताल आहे ते सुधारायलाच आपला जन्म झाला, याबद्दल आमच्या हिच्या मामांना कधीच शंका नव्हती. तबल्याचे क्लास बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली, पण शिकवणं थांबलं नाही. विद्यार्थी तेवढे बदलले. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी कुकरची शिट्टी भलत्या मात्रेवर झाली, तर ते पेपरातून डोकं वर काढून तिच्याकडे रागाने बघतात. रिक्षाच्या इंडिकेटरची लय ऐकून उतरताना रिक्षावाल्याला अभिप्राय देतात. मामींची चाल बेताल, म्हणून लग्न झाल्यापासून ते त्यांच्या चार पावलं पुढे चालत आले. मधुमेहालाही त्यांनी शास्त्रात बसवलं होतं. एकदाच जिलबी घेतली तर तिहाई अपुरी राहते, असं ते पंगतीत इतक्या गंभीरपणे सांगत, की वाढपी घाबरून तीनदा वाढायचा.

मधुमेहाने सूड उगवला तो पायांवर. तळव्यांना काही कळेनासं झालं. एकदा मामींची हरवलेली कुडी घरभर शोधली, ती निघाली मामांच्या चपलेत. सकाळपासून ते तिच्यावर चालत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तिने केलेली जखम मोठ्या मुश्किलीने भरली. "परत चिघळली तर अंगठा वाचणार नाही," डॉक्टर म्हणाले. मामा पहिल्यांदाच हबकले. आयुष्यभर ताल धरला तो त्याच अंगठ्याने.

मग फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्यांच्या बुटात दाब ओळखणारा पातळ तळ घातला आणि कमरेला एक डबी बांधली. पंजावर जास्त भार पडला की डबी वाजणार. पायाला कळत नाही ते कानाला कळावं, अशी योजना. सगळं ऐकून मामांनी विचारलं, "सूर कुठला आहे हिचा?"

काही दिवसांनी त्यांनी मला क्लिनिकमध्ये "ऐकायला" बोलावलं. सिल्कचा झब्बा घालून ते चालू लागले. डबी एकाच अंतराने, नेमकी वाजत होती आणि दरवेळी मामा मान डोलावत होते.

"आजोबा, ती वाजायलाच नको!" मुलगी कळवळून म्हणाली.

"अगं, समेवर वाजतेय! आधी कुठेही वाजायची. आठवडा घालवला मी तिच्यावर."

मुलीने बूट काढायला लावला. अंगठ्याखाली ताजा लाल चट्टा होता.  कोपऱ्यात बसलेल्या मामी म्हणाल्या, "अहो, उजवं पाऊल म्हणजे तालातली खाली समजा, रिकामी मात्रा. खालीला डग्गा घुमवतात का कधी?"

"खालीला डग्गा? मी?" मामा भयंकर दुखावले. चट्टा पूर्ण उतरल्यावर मुलीने पुन्हा बूट चढवला, तेव्हा त्यांनी पाऊल रेटलं नाही; डग्ग्यावरून हात उचलावा तसं अलगद उचललं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत डबी गप्प होती.

अंगठा शाबूत आहे. डबी परत गेली. परवा संध्याकाळी दोघं तलावपाळीवर दिसली, तर मामा चक्क मामींच्या पाऊलभर मागे.

"आज मागे कसे?" मी विचारलं.

"हळू बोल रे," ते म्हणाले, "हिच्या चपला ऐकतोय. माझं पाऊल मला कुठे कळतं आता?"

मामींची चाल अजूनही बेतालच आहे. मामा त्याच चालीवर पाऊल टाकत होते, आणि चूक काढत नव्हते.