वाया गेलेला वेळ

जगात दुसऱ्याचा वेळ खाणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात, पण खाल्लेला वेळ परत करायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. जळगावच्या एका कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते आणि कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांचे रेफरी. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निघाली नाही. खेळ थांबला की घड्याळ खोटे बोलू लागते, असे त्यांचे ठाम मत, आणि ते मैदानाबाहेरही लागू. मामी त्यांना फैलावर घेत असताना मध्येच कुकर ओरडू लागला, तर मामा तो गप्प होईपर्यंत थांबत आणि अदबीने म्हणत, "हां, आते बोल. तुन्हा येळ बाकी शे." मग मामींनाच हसू फुटे. एकदा शिंदखेड्याला जाताना एसटी चहासाठी थांबली. चहा कपात पडतो न पडतो तोच कंडक्टरने बेल मारली. मामा दारातच कप धरून उभे. "चहा उकयी ऱ्हायंता, तो येळ आम्हनामा कसाले धरस भो?" चहा उकळण्यात गेलेला वेळ प्रवाशांच्या खात्यात का, हा त्यांचा सवाल. कंडक्टरने कपाळावर हात मारला आणि शेवटी स्वतःही एक कप घेतला.

अशा माणसाच्या नशिबी कॉलेजांच्या स्पर्धेत एक नवा नियम आला. सामने एकाच दिवसात उरकायचे, म्हणून खेळ थांबला तरी घड्याळ थांबणार नाही आणि शेवटी वाढीव वेळही मिळणार नाही. "सर, नियम सगळ्यांना सारखाच आहे," आयोजक म्हणाले. "सारखा शे," मामा म्हणाले, "पन जो पुढे शे त्यालेच गोड लागस." वेळ वाढवलात तर पुन्हा बोलावणार नाही, एवढेही त्यांना ऐकवण्यात आले.

अंतिम सामना धुळ्याला होता. मी मामांसोबत गेलो होतो. यावलची पोरे पहिल्यांदाच तिथवर पोहोचली होती. धुळ्याच्या संघाने एक गोल केला आणि मग त्यांच्या गोलकीपरच्या बुटाची नाडी सारखी सुटू लागली. बाकीच्यांच्या पायात आळीपाळीने गोळे आले. मामा ओरडले, त्यांनी कार्ड दाखवले, पण घड्याळ पळतच राहिले. यावलचा कप्तान रडवेला होऊन म्हणाला, "सर, आम्हना येळ कोठे गया?" मामांनी त्याच्याकडे पाहिले आणि शिट्टी फुंकली. सामना संपला.

मला त्यांचा रागच आला. ते म्हणाले, "दोन्हीकडना पोरेसले जे आधी सांगेल व्हतं, ते मी मधमाच बदलं तर तोबी अन्यावच ना?" बक्षिसे झाली, पाहुणे गेले, आणि मामांनी चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध ठेवला. यावलची पोरे उभी राहिली. धुळ्याचा कप्तान गळ्यात पदक घालून बराच वेळ पाहत होता, मग त्यानेही आपली पोरे बोलावली. अंधार पडताना यावलने गोल केला. नाडीवाल्या गोलकीपरनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. निकाल अर्थातच तोच राहिला.

त्यानंतर मामांनी शिट्टी कपाटात ठेवली. बोलावणे आले होते, मामाच गेले नाहीत. परवा ते आमच्याकडे चाळीसगावला आले होते. हल्ली थकले आहेत. गाडीची वेळ झाली तसे पिशवी घेऊन उठले. मी म्हटले, "मामा, मघाशी तुमचा चष्मा शोधण्यात गेला तो वेळ बाकी आहे."

मामा पिशवी खाली ठेवून बसले. स्टेशनावरून गाडी सुटल्याचा आवाज आला, तेव्हा मामा चहा फुंकून पीत होते.