लेकीचं निदान आणि बाबांचे दोन प्रश्न

मंडळी, सकाळपासून मला काही सुचत नाहीये.

आज इथे अमेरिकेत, फिनिक्सला डॉक्टरांनी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला एडीएचडी, म्हणजे एका जागी बसणं आणि लक्ष टिकवणं अवघड जाणं, असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्याकडे कोणी असं होतं?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सोबत आलेले माझे बाबा म्हणाले, "मी."

सत्तरच्या दशकात गावच्या शाळेत एका जागी बसवत नसे म्हणून बाबांनी रोज छड्या खाल्ल्या. शेवटी शाळा सोडून ते उसाच्या शेतात कामाला लागले.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "बाय, म्हणजे मी वाईट नव्हतो?"

"नाही बाबा, कधीच नव्हता."

थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "मग पोरीला हे मीच दिलं?"

यावर तुम्ही काय म्हणाला असता?